बारा दिवस, तीनशे चौसष्ट नग

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीत कॅरल म्हणणारी मुलं येतात. जोगेश्वरी पूर्वेची जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सांताक्लॉजची दाढी कानाशी सरकलेली असते. आमच्या समोरच्या दारात मावशी राहतात. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती, माहेर आंबोली गावठाणातलं. घरात बोलणं मराठी, प्रार्थना कधी मराठीत कधी इंग्रजीत, आणि नाताळात कुलकुलांचे डबे चारही मजल्यांवर. मुलं त्यांच्या दारात गायला लागली की आमचंही दार आपोआप उघडतं.

एका वर्षी मुलांनी 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' म्हटलं. आई खुर्ची ओढून दारात बसली होती. आई महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत प्रगणक, २०११ ला पर्यवेक्षक. अशा माणसाला गाण्यात चाल ऐकू येत नाही, रकाने दिसतात. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि तिने सांताक्लॉजला विचारलं, "म्हणजे तित्तर एकच, का बारा?"

सांताक्लॉज सातवीतला होता. तो मावशींकडे बघायला लागला.

प्रश्न रास्त होता. देशाची आकडेवारी ज्या जागी अडते, नेमकी तीच जागा आईने पकडली होती.

ज्यांनी हे गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी. नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत बारा दिवस. पहिल्या दिवशी प्रेमाच्या माणसाकडून भेट येते: पेअरच्या झाडावर बसलेला एक तित्तर. दुसऱ्या दिवशी दोन होले येतात, आणि पुन्हा एक तित्तर. तिसऱ्या दिवशी तीन फ्रेंच कोंबड्या, पुन्हा दोन होले, पुन्हा तित्तर. असं करत चार पक्षी, पाच सोन्याच्या अंगठ्या, अंडी घालणाऱ्या सहा हंसिणी, पोहणारे सात राजहंस, दूध काढणाऱ्या आठ बाया, नाचणाऱ्या नऊ जणी, उड्या मारणारे दहा लॉर्ड, अकरा पावेवाले आणि बारा ढोलवाले. साधारण १७८० मध्ये लंडनला लहान मुलांच्या एका पुस्तकात ते छापलं गेलं, आणि तेव्हा तो पाठांतराचा खेळ होता. जो चुकेल त्याने दंड भरायचा.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भोंडल्यात पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी आणि दोन खिरापती, नवव्या दिवशी नऊ. घटस्थापनेपासून दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत ४५ खिरापती होतात, आणि सोळा दिवसांचा हादगा घालणाऱ्या घरात १३६. पोरींना खिरापत ओळखायचा खेळ, यजमानीणबाईंना घाम.

बारा दिवसांच्या भेटी मोजायला भास्कराचार्यांची 'लीलावती' पुरते. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारून शिलालेख कोरवला, तेच हे भास्कराचार्य. एकापासून बारापर्यंतच्या बेरजेला ते 'संकलित' म्हणतात: ७८. बाराव्या दिवशी दारात येणारा माल एवढा. पण बाराही दिवसांचा एकूण माल म्हणजे बेरजांची बेरीज, तिला त्यांचा शब्द 'संकलितैक्य'. संकलिताला दिवसांपेक्षा दोनने मोठ्या संख्येने गुणायचं आणि तीनने भागायचं. ७८ गुणिले १४ भागिले ३. उत्तर ३६४. वर्षाला एक दिवस कमी. ११५० साली लिहिलेल्या सूत्रात नाताळचा हिशेब चोख बसतो.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर: तित्तर बारा. होले २२, कोंबड्या ३०, मग ३६, ४०, ४२. पुन्हा ४२, ४०, ३६, ३०, २२, १२. आकडे चढतात तसेच उतरतात. सगळ्यात जास्त आवक हंसिणींची आणि राजहंसांची.

आईला हे दाखवलं तर ती म्हणाली, "आणि झाडं?"

झाडं मी धरलीच नव्हती. तित्तर झाडावर बसून आला असेल तर बारा झाडंही आली. मग नग ३७६. झाड ही भेट आहे की वेष्टण? आणि दूध काढणाऱ्या बाया येताना गाई घेऊन आल्या की हात हलवत? गाण्यात गाईंचा शब्द नाही. एक बाई एक गाय धरली तर आणखी ४०. एकच गाणं, एकच कागद, आणि एकूण नग ३६४, ३७६ किंवा ४१६. तिन्ही बरोबर. बेरीज कुणीही करतो. भांडण असतं ते कशाला एक म्हणायचं यावर.

याच भांडणाचा जरा सभ्य चुलतभाऊ म्हणजे साठा आणि ओघ. ७८ हा एका दिवसाचा ओघ, ३६४ हा बारा दिवसांनंतरचा साठा, तोही काही मेलं नाही, पळालं नाही, विकलं नाही असं धरून. पशुगणना साठा मोजते: २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या-बदकं वगैरे ८५ कोटी १८ लाख निघाली. अंड्यांचा आकडा ओघ असतो: २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी, माणशी वर्षाला १०३. या दोन जातींचे आकडे शेजारी ठेवून 'कोंबड्यांपेक्षा अंडी जास्त' असं म्हणणं म्हणजे टाकीतलं पाणी आणि नळाची धार एकाच मापाने मोजणं. वर्तमानपत्रात हे आठवड्यातून एकदा तरी होतं.

पक्ष्यांवर फार वेळ घालवणार नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत हंसिणींनाही जागा आहे. कोंबडी, बदक, टर्की, लावा, शहामृग, इमू यांच्या पंगतीत. राजहंस मात्र मोजायला वन्यजीववाल्यांकडे जावं लागतं. खरा राजहंस आपल्याकडे क्वचित चुकून येतो. आपण मुंबईकर ज्याला पाहून हरखतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मुलुंड-भांडुपच्या मागे ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात एक लाखाहून जास्त जमतात असं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत दिसलं. ती खाडी २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. सात तर सात, गाण्यातला माणूस खाडीकाठी राहत असता तर त्याला आकडा वाढवावा लागला असता.

दुसरी गोष्ट चौथ्या दिवसाची. आज गाण्यात 'हाक मारणारे' पक्षी म्हणतात. जुन्या छापील प्रतीत शब्द होता 'कॉली', म्हणजे कोळशाच्या काजळीने माखल्यासारखा काळा. १९०९ मध्ये फ्रेडरिक ऑस्टिन या गायकाने चाल बांधून दिली तेव्हा 'कॉली'चं 'कॉलिंग' झालं आणि काळा पक्षी एका रात्रीत बोलका झाला. आमच्याकडे तो सरळ कावळा म्हणून नोंदला गेला असता. पण 'कॉलिंग' वाचून कुणी कारकुनाने तो रकाना दूरसंचार खात्याकडे पाठवला तर? तिथे देशात सुमारे १२० कोटी टेलिफोन ग्राहक सापडतील. हे ग्राहकही माणसं नव्हेत, जोडण्या आहेत. माझ्या खिशात दोन सिम आहेत म्हणून मी त्यात दोनदा आहे. एका अक्षराच्या चुकीने कावळ्याचा मोबाइल होणं ही थट्टा वाटते, पण हस्तलिखित फॉर्म संगणकात चढवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता अंगठ्या. काही अभ्यासकांचा तर्क असा की त्या अंगठ्या नव्हत्याच, गळ्याभोवती कडं असलेले फेजंट पक्षी होते. मला हा तर्क पटत नाही, आणि पटला तरी चालणार नाही, कारण आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर सीप्झ आहे. १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभारलेल्या या आवारात आज हिरे जडवलेले दागिने घडतात आणि थेट परदेशी जातात. त्याच कुंपणाच्या आत १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती मरोळला हलली, चर्च झाडोऱ्यात गेलं. मावशींचे नातेवाईक मे महिन्यातल्या वार्षिक मिस्साला तिथे जातात. आजूबाजूला कारखाने, मध्ये छप्पर नसलेल्या भिंती आणि त्यात प्रार्थना.

चाळीस अंगठ्या सरकारी पुस्तकात कुठे लिहायच्या? २०१२ या पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात सोनं 'वैयक्तिक काळजी व वस्तू' या गटात होतं. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल आणि सोन्याचा दागिना, सगळे शेजारी. त्यामुळे सोनं कडाडलं की महागाईच्या तक्त्यात वाटायचं देशाने दात घासणं वाढवलं की काय. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तेच सोनं 'मौल्यवान वस्तू' म्हणून वेगळ्या ओळीत जातं. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२५ च्या ताळेबंदात ते राखीव साठा म्हणून येतं, ८७९.५८ टन. आणि आमच्या घरात ते 'आईचं' असतं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अंदाजाने भारतीय घरांत मिळून सुमारे २५ हजार टन. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यात दोन दशांश स्थळं आहेत, घरांच्या आकड्यात सरळ हजार. कपाटाच्या चोरकप्प्यात प्रगणक जात नाही.

एवढं मात्र खरं, अंगठीला आज माणसापेक्षा पक्की ओळख आहे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. दोन ग्रॅमच्या आतला दागिना त्यातून सुटतो. प्रियकर चेंगट असेल तर तो १.९ ग्रॅमच्याच अंगठ्या पाठवील, आणि चाळीसही अंगठ्या सरकारदरबारी अनामिक राहतील.

यानंतर आठव्या दिवशीच्या बाया, आणि इथे मला थांबावं लागतं, कारण त्यांतली एक आईला भेटली होती.

२००१ चा फेब्रुवारी. आईचा गणना गट आरेच्या कडेला लागून होता. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिथे हलवल्या, पण तबेले जोगेश्वरीतून काही पुरते गेले नाहीत. नजरी नकाशावर आईने बाणांनी रस्ता काढलेला, गेरूने दारावर नंबर टाकलेले, काखेत फॉर्मची पिशवी. एका पत्र्याच्या घरामागे दोन म्हशी बांधलेल्या. बाई उकिडवी बसून दूध काढत होती. हात न थांबवता तिने नवऱ्याचं नाव, वय, गाव सांगितलं. मग कामाचा रकाना आला. आईने विचारलं, "आप क्या काम करती हो?"

"कुछ नहीं," बाई म्हणाली, "घर पे ही रहती हूँ."

चरवीत दुधाचा आवाज चालूच होता. आत खाटेवर पडलेला नवरा म्हणाला, "लिखो, कुछ नहीं करती."

आई सांगते, पेन रकान्यावर टेकलं होतं. पण प्रशिक्षणात एक वाक्य दोनदा वाचून घेतलं होतं: फक्त घरच्या वापरापुरतं दूध काढणारी व्यक्तीसुद्धा काम करणारी धरायची. जनगणनेच्या 'काम' या व्याख्येत ते स्पष्ट लिहिलेलं आहे, २००१ मध्येही आणि २०११ मध्येही. आईने 'काम करणारी' असं लिहिलं. म्हैस नसती आणि तीच बाई तेवढाच वेळ पाणी भरत, भाकऱ्या थापत, सासूचे पाय चेपत असती, तर त्याच पेनाने 'काम न करणारी' लिहावं लागलं असतं. दोन उत्तरांत फरक फक्त म्हशीचा.

तिकडे अमेरिकेत पीएनसी नावाची बँक १९८४ पासून दरवर्षी या गाण्यातल्या भेटींचा बाजारभाव काढते. गंमत म्हणून सुरू झालेला हा निर्देशांक आज बातम्यांत येतो. २०२४ मध्ये बारा भेटींचा एक संच सुमारे ४९ हजार डॉलरला पडला. तित्तर महागतो, राजहंसाचा भाव ऐकून छाती दडपते, नाचणाऱ्यांची बिदागी वाढते. आठ गवळणींचा भाव मात्र २००९ पासून एका जागी खिळलेला: ५८ डॉलर. कारण त्यांना किमान वेतन धरतात, ताशी सव्वासात डॉलर, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते २००९ नंतर वाढवलेलंच नाही. जोगेश्वरीतल्या त्या बाईला हे कळलं तर ती एवढंच विचारेल की आठ जणींना मिळून ताशी ५८ डॉलर म्हणजे वाईट काय आहे.

आपल्याकडे घरकामाचे पैसे मोजत नाहीत, पण मिनिटं मोजायला सुरुवात झाली आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ गेलेला दिसला, पुरुषांचा ८८. पाच वर्षांपूर्वी हेच आकडे २९९ आणि ९७ होते. दोघांचीही मिनिटं कमी झाली, पुरुषांची प्रमाणात जास्त. आणि पुरुषांचा आकडा फक्त त्यांचा, जे मुळात घरकामाला हात लावतात. बाकीचे सरासरीत नाहीतच. खाटेवरचा नवरा तर नक्कीच नाही.

गाण्यातली उरलेली सगळी मंडळी कलाकार किंवा उमराव. नाचणाऱ्या नऊ जणींना राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात संकेतांक आहे २६५३, नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक. ढोलवाले २६५२ मध्ये, वादक-गायकांसोबत. पण संकेतांक असणं आणि काम असणं या दोन गोष्टी आहेत. बघा: ढोलवाले फक्त शेवटच्या दिवशी येतात. वर्षातून एक दिवस. जनगणनेला वर्षात सहा महिने काम केलेला हवा, तो 'मुख्य' काम करणारा. त्याहून कमी तो 'सीमांतिक'. म्हणजे आपला ढोलवाला सीमांतिक. श्रमबल सर्वेक्षणाची वार्षिक नेहमीची स्थिती विचारली तर दुय्यम कामालाही किमान तीस दिवस लागतात, म्हणजे तो तिथून बाद. आणि तेच सर्वेक्षण चालू आठवड्याची स्थिती विचारतं तेव्हा सात दिवसांत एक तास काम केलेलं असलं की पुरे. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपला ढोलवाला रोजगारात! एकच माणूस, एकच ढोल, तीन उत्तरं. एखादा मंत्री बेरोजगारी घटली म्हणतो आणि विरोधक वाढली म्हणतात, तेव्हा दोघेही खरं बोलत असू शकतात. एक नेहमीच्या स्थितीतून बोलतो, दुसरा चालू आठवड्यातून. गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या आमच्या इमारतीतल्या दोन मुलांना मी हे समजावलं. एक म्हणाला, "काका, पण आम्हाला पैसे कुठे मिळतात?" झालं, चौथं उत्तर.

अकरा पावेवाल्यांचं इंग्रजी नाव 'पायपर', आणि जोगेश्वरीत पाइप म्हटलं की पाणी. वेरावलीच्या टेकडीवर पालिकेचा जलाशय आहे, आणि आमच्या घड्याळाचे काटे त्याच्या वेळांवर चालतात. नळाची आकडेवारीही व्याख्येचीच गोष्ट. जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये, देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होते. आता १५ कोटींहून जास्त आहेत. मोजणीत 'कार्यरत नळजोडणी' धरायची तर माणशी रोज ५५ लिटर, नियमित, पिण्याजोगं पाणी यायला हवं. नळ दिसतो, मोजता येतो. पाणी यायची वाट बघत बादली घेऊन किती वेळ बसावं लागलं, ते वेळ-वापरवाल्यांच्या मिनिटांत शोधायचं.

दहा लॉर्ड. घटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने पदव्या बंद केल्या, १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले, तेव्हा लॉर्ड शून्य. पण उड्या? त्यांचा रकाना भरभरून वाहील. १९६७ मध्ये हरियाणातल्या गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दच जन्माला आला. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, ती घटनेच्या दहाव्या परिशिष्टात. दहा लॉर्ड, दहावं परिशिष्ट, हा योगायोग मला फार आवडतो. गणित असं: सुरुवातीला एक तृतीयांश फुटले तर ती 'फूट', उडी नव्हे. दहांतले चार एकदम उडाले की पावन. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत काढली. आता विलीनीकरणाच्या आडोशाला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे दहांतले सात. तीन जण उडाले तर पक्षांतर, सात उडाले तर विलीनीकरण. गाण्यातले दहाही एकदम उडतात. कायद्याचा अभ्यास करून आलेले असावेत.

मावशींचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते नाताळात आकडे आणायची आपल्याला गरजच नाही, नाताळ मुळात आकड्यांतूनच सुरू होतो. लूकच्या शुभवर्तमानात रोमन सम्राट ऑगस्टसने नावनोंदणीचा हुकूम काढला, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लिहायचं. म्हणून गरोदर मरिया आणि योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाले, म्हणून धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून गोठा. इतिहासकारांना इथे अडचण येते: क्विरिनियसने घेतलेली नोंदणी इसवी सन ६ ची, आणि हेरोद राजा तर इसवी सनपूर्व ४ मध्येच वारला होता. तारखा जुळत नाहीत. आई म्हणते, आकडे यायला दहा वर्षं लागतात, नवल काय.

तिला खरा आक्षेप पद्धतीवर आहे. मूळ गावी जाऊन नोंद करायची ही पद्धत मुंबईत लावा. आमच्या मजल्यावरचे राजापूरला, वरचे आझमगडला, तळमजल्यावरचे भुजला. पश्चिम रेल्वे रिकामी, कोकण रेल्वेच्या टपावर माणसं, आणि उपनगर जिल्ह्यात लोकसंख्या म्हणून आंबोली, मरोळ, वेसाव्यातली गावठाणं आणि कोळीवाडे उरतील, बाकी आरेतले पाडे. २०११ मध्ये या जिल्ह्यात ९३ लाख ५६ हजार माणसं निघाली, कारण आपण माणूस जिथे सापडला तिथे मोजतो. फुटपाथवरच्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री, एका रात्रीत. आई तेव्हा जोगेश्वरी स्टेशनबाहेर बॅटरी घेऊन उभी होती.

मावशींची नोंद कशी झाली हेही सांगायला हवं. ईस्ट इंडियन हे नाव व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी स्वतः घेतलं. नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांपासून आपण वेगळे, हे साहेबाला कळावं म्हणून. जनगणनेत मात्र या नावाला धर्माच्या रकान्यात जागा नाही. तिथे त्या ख्रिश्चन: २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या १० लाख ८० हजार ७३ पैकी एक. मातृभाषेच्या रकान्यात लोकांनी देशभर सांगितलेली नावं १९,५६९ होती. चाळून-गाळून ती १,३६९ झाली, आणि दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषा उरल्या १२१. मावशींना आई म्हणाली होती, हवं ते सांगा, लिहिणं माझं काम. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मराठीच लिवा. आमची हाय ती बी मराठीच." त्यामुळे मराठीच्या ८ कोटी ३० लाखांत त्याही आल्या, बाटलीच्या मसाल्यासकट.

सगळे आले का, हा शेवटचा प्रश्न. जनगणना झाल्यावर काही गट पुन्हा मोजतात, सुटलेल्यांचा अंदाज घ्यायला. २०११ मध्ये दर हजारी २३ माणसं सुटली होती असं निघालं. १ मार्च २०२७ च्या गणनेतही काही सुटणारच. पहिल्यांदाच मोबाइलवर होणार आहे म्हणून कमी सुटतील असं नवे प्रगणक म्हणतात, आई काही बोलत नाही.

त्या संध्याकाळी मुलं निघताना आईने जिन्यातली डोकी मोजली. नऊ. तिने सांताक्लॉजला विचारलं, गाण्यात ढोलवाले बारा आणि तुम्ही नऊच कसे. तो म्हणाला, तिघं खालीच थांबलेत, पाय दुखले. मावशींनी डबा उघडला, नऊ जणांच्या हातावर कुलकुलं ठेवली, आणि खालच्या तिघांसाठी कागदाच्या तीन पुड्या बांधून दिल्या. पावलं उतरत गेली. पाच मिनिटांनी अंगणातून आवाज आला, "आंटी, एक पुडी कमी पडली."